साडूची झोप

“पावणं, जरा हळू वाचा. धाकटं जावईबापू झोपल्यात.”

मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे अगदी मायेनं सांगितलं. माया माझ्यावर होती की झोपलेल्यावर, एवढाच प्रश्न होता. नरक चतुर्दशीची सकाळ, नऊचा सुमार. मी सासुरवाडीच्या सोप्यात खांबाला टेकून बसलो होतो आणि मांडीवर बॉयलरचं पुस्तक होतं. पहाटे चारला उठून एक आंघोळ, दोन करंज्या आणि तीन धडे उरकले होते. धाकटे जावईबापू, म्हणजे माझा साडू केरबा, उंबऱ्यापलीकडे माजघरात घोंगड्यावर उताणा पडला होता. अंगाला उटण्याचा वास, पोटावर दोन्ही हात, आणि तोंडावर असं समाधान की त्याच्याकडे बघूनच माणसाला कष्टी वाटावं.

“वाचू द्या की वो मामी,” केरबा डोळे न उघडता म्हणाला. “आवाज असला की मला झोप चांगली लागती.”

आतल्या बायका हसल्या. माझी बायको हौसा, तीही हसली. मी पुस्तकात तोंड घातलं आणि आवाज आणखी दोन पट्ट्या वर चढवला.

तर झालं होतं असं. मी तेव्हा साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. उसाचा चोथा जाळून वाफ करायची आणि त्या वाफेवर सगळा कारखाना पळवायचा, हे आमचं काम. माझ्याकडे दुसऱ्या दर्जाचा दाखला होता. केरबा माझ्याच पाळीत, माझ्याच हाताखाली शिकून तयार झाला आणि त्यानंही दुसरा दर्जा काढला. मुलगा शांत, निर्व्यसनी, सांगेल ते मुकाट ऐकणारा. ही वाक्यं माझीच आहेत, कारण माझ्या धाकट्या मेव्हणीसाठी, छबूसाठी, हे स्थळ मीच सुचवलं होतं. लग्न वैशाखात झालं. म्हणजे ही त्याची पहिली दिवाळी, दिवाळसणाची. आणि माझी सातवी.

पहिली दिवाळी आणि सातवी दिवाळी यांतला फरक ज्याची सातवी झाली आहे त्यालाच कळेल. केरबाला मामींनी पाटावर बसवून डोक्यावर वाटीभर तेल थापलं, बोटात अंगठी घातली, आंघोळीला ऊन पाणी काढून दिलं. मलाही पाट दिला. त्या पाटावर विळी ठेवलेली होती आणि समोर चार नारळ. खवून द्या म्हणाल्या, तुम्ही काय आता घरचेच.

बरं, हे मी गिळलंही असतं. पण त्या वर्षी कारखान्यात नवा बॉयलर बसत होता, जुन्या दोन्हींच्या दुप्पट. चीफ इंजिनिअरसाहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं की जो पहिल्या दर्जाचा दाखला आणेल त्याला नवा बॉयलर. दोघांनी आणला तर ज्याला तोंडी परीक्षेत मार्क जास्त त्याला. आणि त्याच्याबरोबर क्वार्टर, आतच नळ असलेला. हौसानं त्या नळाला किती घागरी लागतील हेसुद्धा ठरवून टाकलं होतं. लेखी पेपरात आम्ही दोघंही सुटलो होतो. तोंडी राहिली होती, पुण्याला, भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी. पाडायचे ते सगळे तिथंच पाडतात, अशी ख्याती.

म्हणून मी सुट्टी म्हणजे अभ्यास असं ठरवून आलो होतो. आणि केरबा सुट्टी म्हणजे सुट्टी असं ठरवून.

त्याची झोप साधी नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी गल्लीतल्या पोरांनी त्याच्या उशाशी लवंगी फटाक्यांची माळ लावली. माळ संपली, धूर विरला, घरातलं मांजर जे पळालं ते तुळशीच्या लग्नाला परत आलं. केरबानं फक्त कूस बदलली. एका चिमणीनं त्याच्या मिशीतला केस ओढून घरट्याला नेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हौसा म्हणते चिमणी नव्हती, माशी होती. असेल.

माझा स्वभाव असा की शेजारच्यानं ताटात काय घेतलं हे बघितल्याशिवाय मला माझा घास गोड लागत नाही. हा मनुष्य अभ्यास करत नाही म्हणजे नापास होणार, असं म्हणून मी निवांत व्हायला हवं होतं. तेही जमेना. लक्ष्मीपूजनाच्या जेवणात मी सहज विचारल्यासारखं त्याला विचारलं, की काय रे, बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह दोन का असतात. तोंडात पुरणपोळी असताना त्यानं उत्तर दिलं. पुस्तकात होतं तसंच्या तसं, शब्दाला शब्द. मग तूप वाढून घेतलं.

म्हणजे हा वाचतो. कधी?

मी पाळत ठेवली. तो आंघोळीला गेल्यावर त्याची पिशवी उपसली. आत एक लुंगी, एक आरसा आणि छबूला आणलेली रिबन. पुस्तक नाही. घोंगडं उलटून पाहिलं, उशी चाचपली, कणगीमागे हात घातला, तिथं एक विंचू होता एवढंच कळलं. तो परसाकडे गेला तर मी बाभळीमागे उभा राहिलो. असल्या कामाला माणूस किती वेळ लावतो आणि हा किती लावतो याचा हिशेब ठेवला. तो नदीवर गेला तर त्याच्यामागं नदीवर गेलो. तिथं तो पोहला आणि वाळूत झोपला. मी दोन तास काटेरी झुडपात बसून त्याला झोपताना बघितलं. त्या दोन तासांत माझा एक अख्खा धडा बुडाला.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, माझी चलबिचल दिसत होती. ते आयुष्यभर गुऱ्हाळावर गुळव्या होते. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळताना कोणत्या क्षणी खाली उतरवायचा, हे रंगावर आणि वासावर सांगायचं काम त्यांचं. चार गावांचे लोक त्यांना बोलवायला येत. ते मला म्हणाले, “पावणं, जाळ लई झाला की गूळ काळा पडतुया. जरा इसावा घ्या.” मी म्हणालो, मामा, हा गूळ नव्हे, सरकारी परीक्षा आहे. त्यांनी चिलीम पेटवली आणि विषय सोडला.

पाडव्याच्या दुपारी मला उलगडा झाला.

मी सोप्यात वाचत होतो. केरबा नेहमीप्रमाणे उंबऱ्यापलीकडे पसरला होता, उंबऱ्याकडे डोकं करून. मी वाचत होतो की बॉयलरमधला गाळ काढायचा व्हॉल्व्ह उघडताना आधी जवळचा उघडावा की लांबचा, आणि नेमकी त्या वेळी शिंक आली. शिंक यायला वेळ लागला. ती नाकाशी येऊन थांबली होती, मी तोंड वर करून वाट बघत होतो. वाक्य अर्ध्यावर होतं. आणि तेवढ्यात माझी नजर केरबाच्या तोंडावर गेली. डोळे मिटलेले, घोरणं थांबलेलं, आणि ओठ हलत होते. माझं अर्धं राहिलेलं वाक्य त्यानं ओठातल्या ओठात पुरं केलं आणि पुढच्याची वाट बघत पडून राहिला.

शिंक आत गेली ती गेलीच.

म्हणजे तीन दिवस घसा मी फोडत होतो आणि अभ्यास याचा होत होता. रात्रभर मोट हाकून मी पाणी काढावं आणि शेजाऱ्यानं निजल्या निजल्या बांध फोडून ते आपल्या वाफ्यात घ्यावं, तसं झालं. बरं, मनातल्या मनात वाचावं तर ते मला कधीच साधलं नाही. दुसऱ्या ओळीलाच माझं मन गावभर फिरायला निघतं. मोठ्यानं वाचलं तरच माझ्या डोक्यात शिरतं. शेतात जाऊन वाचावं, तर आपण उठून जायचं आणि यानं घरात राहून चकल्या खायच्या, हे मला मान्य नव्हतं.

मग मला युक्ती सुचली. युक्ती सुचली की मी आधी एक चकली खातो. खाल्ली.

बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, गेज ग्लास म्हणतात तिला. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. ते पाणी दिसेनासं झालं तर समजायचं की आतले पत्रे उघडे पडून तापून लाल झालेत. अशा वेळी वर गार पाणी सोडलं तर बॉयलर, बॉयलरखाना आणि बॉयलरवाला तिघंही एकदम आभाळात जातात. म्हणून उत्तर एकच. आधी आग बंद करा, पाण्याला हात लावू नका. बॉयलरवर पहिल्या दिवशी आलेल्या माणसालाही आधी हेच शिकवतात. आणि तोंडी परीक्षेला हा प्रश्न हमखास असतो.

मी घसा साफ केला, उंबऱ्याकडे तोंड केलं आणि वाचलं, “काचेतलं पाणी दिसेनासं झाल्यास, आधी पाणी सोडावं. भरपूर सोडावं. आग तशीच ठेवावी.”

केरबाचे ओठ थबकले. मग अगदी हळू हलले.

मला झालेला आनंद मी सांगत नाही, तुम्ही मला नावं ठेवाल. मी तेच पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मध्ये मध्ये खरे प्रश्न खरे वाचायचो, म्हणजे संशय नको, आणि दर चार प्रश्नांनी फिरून काचेवर यायचो. पाडव्याची दुपार, भाऊबीजेचा अख्खा दिवस. हजारदा म्हटलं असेल. मी थोडं वाढवून सांगतो हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तुम्ही शंभर धरा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक गायब.

जिथं ठेवलं होतं त्या कोनाड्यात नव्हतं. हौसाला विचारलं तर तिनं मला काय ठाऊक म्हणून तोंड फिरवलं. तिला खोटं बोलता येत नाही, पण त्या वेळी माझं लक्ष तिच्यावर नव्हतंच. मी सरळ केरबाकडे बघितलं. त्यानं जांभई दिली आणि म्हणाला, की आज सगळ्यांनी नदीवर जायचं ठरलंय, भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन, दिवसभर. मामी तयार, छबू तयार, हौसा टोपली भरून उभी. मला वाटलं, बरोबर आहे. माझं ऐकून याचं भागलं, आता शेवटच्या दिवशी माझं पुस्तकच लांबवलं. मला नदीवर बुडवत ठेवणार आणि हा कुठंतरी वाळूत पुस्तक पुरून ठेवलेलं काढणार.

नदीवर मी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. पुस्तक नाही तर नाही, माझं सगळं तोंडपाठ होतं. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणायला लागलो. मुद्दाम काचेचाच प्रश्न, मुद्दाम उलटा. मी सुरू केलं की केरबा बुडी मारून लांब निघायचा. मी आवाज वाढवायचा. तो आणखी लांब. पलीकडच्या काठावर एक मेंढका मेंढरं धूत होता. दोन दिवसांनी तो मामांना भेटून म्हणाला म्हणे, तुमच्या थोरल्या जावयाला कुठं पाणी सोडायचं आसंल तर एकदाचं सोडून द्या, माझी मेंढरं पाण्यात उतरंनात.

दुपारी जेवून झाल्यावर केरबा माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ वाळूवर बोटानं रेघा मारत होता. मग म्हणाला, “भाऊ, आज असू द्या. एक दिस डोस्कं रिकामं ठेवा. निजा जरा.”

“तुझं रिकामंच असतंय,” मी म्हणालो. “तुला काय सांगायला जातंय?”

तो उठून मामींच्या टोपलीला हात लावायला गेला. मी त्याच्या पाठीमागून आणखी दोनदा म्हटलं. आधी पाणी सोडावं. भरपूर सोडावं.

संध्याकाळी घरी आलो तर पुस्तक कोनाड्यात, जणू कुठं गेलंच नव्हतं. मी मनात म्हटलं, वाचून झालं वाटतं चोराचं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एसटीत मी सगळे धडे पुन्हा चाळले. काचेचं पान तेवढं उघडलं नाही. ते मला येतच होतं.

परीक्षा घ्यायला एक बारीक, टक्कल पडलेले साहेब होते. बशीत चहा ओतून तो गार होईपर्यंत प्रश्न विचारायचे आणि एक घोट घेऊन निकाल मनाशी ठरवायचे, असं बाहेर बाकावर बसलेले सांगत होते. माझं नाव आधी पुकारलं. केरबाचं माझ्यानंतर. मी आत गेलो. पहिला प्रश्न आला, उत्तर दिलं. दुसरा, दिलं. गाळाचा व्हॉल्व्ह, दिलं. सेफ्टी व्हॉल्व्ह, दिलं. साहेबांची मान हलायला लागली. मला नवा बॉयलर दिसायला लागला. हौसाचा नळ दिसायला लागला, त्यातून पाणीसुद्धा आलं.

मग साहेबांनी बशी उचलली आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं, की गेज ग्लासमधलं पाणी दिसेनासं झालं तर काय कराल.

माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, ते आपणहून उघडलं. आणि त्यातून खणखणीत, सुटे सुटे, स्वच्छ शब्द बाहेर पडले.

“आधी पाणी सोडावं. भरपूर सोडावं. आग तशीच ठेवावी.”

साहेबांनी बशी खाली ठेवली. पुन्हा सांगा म्हणाले. मला आतून कळत होतं की काहीतरी वंगाळ झालंय. मी जिभेला मागं ओढायला बघत होतो, पण जीभ उताराला लागलेल्या गाडीसारखी निघाली होती. तिनं तेच पुन्हा सांगितलं, आणखी सफाईनं.

साहेबांनी शांतपणे विचारलं, “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

मी सांगितलं, बायको, एक मुलगी, आई.

“मग पाणी सोडण्याआधी त्यांना कळवता, की तसंच सोडता?”

मला त्यानंतर काही विचारलं नाही. विचारायचं राहिलंच काय होतं?

बाहेर आलो. दारातच खरं उत्तर आठवलं. अगदी पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर उभं राहिलं, ओळीसकट. पण दार मागं बंद झालं होतं आणि शिपाई केरबाचं नाव पुकारत होता. केरबा बाकावरून उठला, टोपी नीट केली आणि माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, “भाऊ, काय इचारलं?”

हा सगळा खटाटोप मी आज सांगत बसलोय तो या एका जागेसाठी. बाकीचं सगळं मी कुणालाही हसत सांगेन. पाळत, बाभळ, शिंक, मेंढका. ही जागा मात्र मी आजवर वगळत आलो.

मी बुडालोय हे मला ठाऊक होतं. नवा बॉयलर मला मिळणार नव्हताच. हा पास झाला काय, नापास झाला काय, माझ्या ताटात काही पडणार नव्हतं. नापास झाला तर दोघंही पुन्हा सारखे, एवढंच. मी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला जड ठेवला, वडीलकीचा.

“काही नाही रे,” मी म्हणालो. “मी वाचत होतो ना मोठ्यानं, त्यातलंच विचारतात. काचेचा विचारला. मी म्हणत होतो तेच सांग, डोळे झाकून.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मान डोलावली आणि आत गेला.

चार वाजता कारकुनानं यादी लावली. केरबाचं नाव होतं, आणि नावापुढचे मार्क असे होते की बाकीचे उमेदवार त्याला हात लावून बघायला आले. माझं नाव नव्हतं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. कात्रजचा घाट मागं पडला. आमच्या पुढच्या बाकावर एका बाईनं पिशवीतून कोंबडी आणली होती आणि ती कोंबडी पाठीमागे मान काढून माझ्याकडेच बघत होती. शेवटी मला राहवेना. मी विचारलं, तुला काय विचारलं.

“काचेचंच.”

“मग?”

“आग बंद करायची. पाण्याला हात लावायचा न्हाई.”

“पण मी तर,” मी म्हणालो आणि थांबलो. कोंबडीनं मान तिरकी केली.

केरबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “भाऊ, वाचल्यालं माझ्या डोस्क्यात टिकत न्हाई. ऐकल्यालं टिकतंय. शाळंतबी शेजारच्या पोराकडनं वाचून घ्यायचो. म्हणून आपलं तुमच्याजवळ पडून ऐकत हुतो. तुम्हाला सांगायला पायजे हुतं, पर लाज वाटली. जावई म्हणून पयल्यांदा आलेला माणूस, आणि वाचून दाखवा कसं म्हणायचं?”

मी म्हणालो, ते असू दे, पण उलटं होतं हे तुला कसं कळलं. बॉयलरवर तीन हंगाम काढलेत म्हणून?

“ते हायच. पर आधी आवाजावरनं कळलं.” तो खिडकीतून बाहेर बघत बोलत होता. “तुम्ही स्वतःला वाचता तवा निम्मं गिळता. मधीच ढेकर देता, हौसाक्कांना च्या मागता. पाडव्याच्या दुपारपास्नं तुम्ही एकेक शब्द सुटा करून म्हणत हुता, मास्तरानं पयलीच्या पोराला सांगावं तसं. उंबऱ्याकडं तोंड करून. म्हनलं, एवढं मन लावून ह्यो माणूस कुणासाठी वाचतोय?”

मी घाईघाईनं पुस्तकाचं विचारलं. पुस्तक कुणी लपवलं?

“मीच हौसाक्कांना सांगितलं ठेवून द्या म्हणून. दिसभर नदीवर नेऊ, गप निजवू, म्हनलं. मला काय, मी सोडून दिलं हुतं ते. तुमच्याच तोंडात बसंल म्हणून भ्यालो. तर तुम्ही नदीतबी तेच.”

“मग मला सरळ तोंडावर का नाही सांगितलंस?”

“काय सांगू?” तो म्हणाला. “भाऊ, मला फसवू नका, असं?”

मी कोंबडीकडे बघत राहिलो. परीक्षेच्या दारात त्याला मी काय सांगितलं होतं, डोळे झाकून काय सांग म्हटलं होतं, ते त्यानं काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही. एसटीनं शिरवळला चहाला थांबा घेतला, तेव्हा तो उतरून माझ्यासाठी कप घेऊन आला. मी घेतला. गोड होता.

त्या प्रवासात मी एक काम मात्र केलं. घरी काय सांगायचं याची तयारी. साहेब आमच्या कारखान्यावर खार खाऊन होता, हे एक. मला सकाळपासून कणकण होती, हे दुसरं. प्रश्न पुस्तकाबाहेरचे होते, हे तिसरं. तिन्ही घासूनपुसून ठेवली. त्या बाबतीत पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नव्हता, असा माझा समज होता.

सासुरवाडीला पोचलो तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती. मामा सोप्यात बसले होते. मामी, छबू, हौसा दारात. मामांनी दोघांच्या तोंडाकडे एकदाच बघितलं. उकळत्या रसाचा रंग ओळखणारा माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. तरी रीत म्हणून त्यांनी विचारलं, काय झालं.

मी तोंड उघडणार, तोच केरबा म्हणाला, “मामा, भाऊंच्यावर अन्याव झाला.”

आणि त्यानं सुरुवात केली. साहेबांनी भाऊंची उत्तरं ऐकली आणि त्यांना वाटलं, हा गडी साधा नव्हे. म्हणून इंजिनिअर लोकांना विचारायचे प्रश्न भाऊंना घातले. भाऊंनी त्यांचीही उत्तरं दिली. शेवटी एका प्रश्नाला भाऊ म्हणाले, साहेब, प्रश्नच चुकलाय, असा बॉयलर जगात नाही. साहेबांनी पुस्तक मागवलं, पान उघडलं, तर भाऊंचं खरं. चार माणसांदेखत साहेबांचं तोंड एवढंसं झालं. तो माणूस पास करील होय? बशीतला चहा तसाच राहिला आणि त्यावर माशी बसली. आणि मग माझी पाळी, केरबा म्हणाला, तर साहेब असा दमला होता की मला दोन सोपे प्रश्न विचारून त्यानं सोडून दिलं.

एवढं बोलून त्यानं जांभई दिली.

मामा चिलीम विसरले. छबूनं नवऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं. हौसाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती, क्वार्टरचा नळ गेलेल्या बाईची असते तशी नव्हे. मामींनी आत जाऊन दोन पानं वाढली आणि सात वर्षांत पहिल्यांदा आधी माझ्या ताटात तूप घातलं.

मी जेवत होतो. साहेबांचं तोंड एवढंसं झालं, हे मला सुचलं नसतं. चहावरची ती माशी तर जन्मात सुचली नसती. त्या माशीसाठी मी त्याच्यावर जेवढा जळलो तेवढा नव्या बॉयलरसाठीही जळलो नाही.

पुढच्या दिवाळीपासून मी ती गोष्ट माझी म्हणून सांगायला लागलो.